गाडी चालवता येते; गाडी कळते का?

२०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप पेटला आणि माझी सकाळची गाडी बंद झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा मिरजेपासून चौदा किलोमीटरवर आहे. पहिले काही दिवस वडापने गेले. पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि शाळेची घंटा वडापसाठी थांबत नाही. संप काही आठवड्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. तो एप्रिलपर्यंत चालला.

आमच्या जिन्याखाली अब्बांची स्प्लेंडर उभी होती, १९९८ सालची. अब्बांचा इंतकाल झाल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडीवर एक जुनी चादर होती आणि चादरीवर धूळ. भाईजान पुण्याला असतात. माझ्या नवऱ्याला गिअरची गाडी येत नाही. मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. अम्मी एक दिवस सहज म्हणाली, "ती गाडी भंगारात द्यायची की चालवायची, एकदाचं ठरवा." मी म्हटलं, चालवायची.

चालवायला शिकण्याची गोष्ट मी इथे सांगत बसणार नाही. क्लच सोडताना गाडी बंद पडणं, आरटीओच्या मैदानात पाय टेकणं, हे सगळ्यांचं सारखंच असतं. कागदांचं मात्र सांगते, कारण बऱ्याच घरांत ही चूक होते. गाडीचा मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतं. आम्ही दोन वर्षं झोपलो होतो. ते निस्तरून, शिकाऊ परवान्याचे दिवस काढून पक्का परवाना हातात आला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता.

मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं. गाडी चालवायला येणं आणि गाडी कळणं यात केवढं अंतर आहे आणि ते अंतर आपण मुद्दाम कसं राखून ठेवलंय, याबद्दल.

अब्बांच्या वयाचे एक मेकॅनिक आहेत. त्यांना आम्ही लहानपणापासून चाचा म्हणतो. गाडी ढकलत त्यांच्याकडे नेली. मला वाटलं, ते पाना उचलतील. त्यांनी आधी स्टूल पुढे केलं आणि तीन प्रश्न विचारले. गाडी कधीपासून बंद आहे? शेवटची चालली तेव्हा कशी चालत होती? त्यानंतर कुणी काही उघडलं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. बाकी दोन्हींचं नव्हतं. चाचा म्हणाले, "पैले पूछना, फिर देखना, फिर खोलना. उल्टा करे तो पैसा जाता." हे वाक्य तेव्हा मला म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. त्याची किंमत पुढच्या पावसाळ्यात कळली.

त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, इंजिनला तीनच गोष्टी लागतात. हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी कोण कामावर आलेलं नाही एवढंच शोधायचं. शाळेच्या हजेरीसारखं. हे मला पटकन समजलं.

आधी पेट्रोल. टाकीतलं दोन वर्षांचं पेट्रोल काढलं तर त्याला वार्निशसारखा वास येत होता. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल सुकून डिंकासारखा थर बसला होता. पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते बुजलं की टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी. चाचांनी ते क्लीनर मारून आणि हवेच्या दाबाने मोकळं केलं. तार घालू दिली नाही, कारण तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्यांचं घर केलं होतं. ते काढताना मला अब्बांच्या जुन्या सदऱ्याचा एक तुकडा सापडला. तो मी खिशात ठेवला.

मग ठिणगी. प्लग काढायचा, कॅपमध्ये तसाच बसवायचा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. निळसर, कडक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरगळलेली असेल तर संशय घ्यायचा. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून ठिणगी लांब ठेवायची. बॅटरी तर पार मेली होती. पण या जुन्या गाडीत ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर, इंजिन किकवर. म्हणून बॅटरी मेली तरी गाडी सुरू होऊ शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसरा दाब. चाचांनी किक हाताने दाबून बघायला लावली. मध्ये एका जागी ती अडते, जोर मागते. तो दाब. किक लोण्यासारखी खाली गेली असती तर मोठं काम निघालं असतं. ती अडली. अल्हम्दुलिल्लाह.

ऑइल बदललं. टायरच्या कडांना भेगा पडल्या होत्या, ते दोन्ही बदलले. पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तडकली होती, ती बदलली. चोक ओढून सातव्या किकला गाडी सुरू झाली. थोडा निळा धूर आला आणि मग निवळला.

त्या दिवसापासून मी एक वही केली. शिक्षकाची खोड, दुसरं काय. तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते. चाचा हसले, पण म्हणाले, लिही.

नवीन चालवणाऱ्यांसाठी माझा नेम सांगते. यातलं काहीच अवघड नाही. सकाळी गाडी काढताना तीन गोष्टी बघायच्या. टायर दाबून बघायचे, दोन्ही ब्रेक एकदा धरून बघायचे आणि गाडी उभी होती त्या जमिनीवर ऑइलचा किंवा पेट्रोलचा डाग आहे का ते बघायचं. आठवड्यातून एकदा हवा. एकटीने चालवताना पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस, मागे कुणी बसणार असेल तर मागे जास्त. आठवड्यातून एकदा चेन. मधोमध बोटाने वरखाली केली की साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. फार ढिली असेल तर उतरते, फार कडक असेल तर बेअरिंग खाते. क्लचच्या दांडीला टोकाशी एक-दीड सेंटीमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घसरून जळतो. इंजिन ऑइलची काडी महिन्यातून दोनदा बघायची. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी सुरू करायची नाही. आमच्या भागात २०१९ च्या महापुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या पाण्याने मेल्या नव्हत्या. पूर ओसरल्यावर घाईघाईने मारलेल्या किकने मेल्या होत्या.

आणि ऑइल मोटरसायकलचंच घालायचं. क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारचं गुळगुळीत ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो.

प्लगचा रंग बघायला शिकले तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. प्लगचं टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर इंजिनचं पोट ठीक आहे. काजळीसारखं कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा एअर फिल्टर कोंदलाय. ओलं, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. हकीम जीभ बघतात तसं.

आता पावसाळ्याची गोष्ट. त्याशिवाय हा लेख लिहायचं मला कारण नव्हतं.

२०२२ चा जुलै. गाडी रस्त्यात बंद पडू लागली. सुरू व्हायची पहिल्या किकला, छान पळायची आणि काही किलोमीटरवर आचके देत बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. पुन्हा काही किलोमीटर, पुन्हा बंद. पावसात, उसाच्या फडाशेजारी, रेनकोट घालून उभं राहणं काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोन दिवस मी प्रार्थनेनंतर पोहोचले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, आता तरी स्कूटी घ्या."

चाचा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी होते. मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने गाडी माझ्यापुढेच चार वेळा सुरू केली. ती अर्थातच सुरू झाली. प्लग बदलला. दोन दिवसांनी मी परत गेले. इग्निशन कॉइल बदलली. पुन्हा गेले. कार्ब्युरेटर साफ केला. पुन्हा गेले. आता म्हणाला, कार्ब्युरेटरच नवीन बसवावा लागेल. तोपर्यंत दोन हजारांच्या वर गेले होते. आणि प्रत्येक वेळी तो एक वाक्य म्हणायचा, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेबांना गिअर कशाशी खातात ते माहीत नाही. मी काही बोलले नाही. राग गिळला आणि पैसे मोजले.

एक दिवस गाडी पुन्हा फडाशेजारी बंद पडली. पाऊस नव्हता. मी वही काढली आणि चाचांचा तिसरा प्रश्न स्वतःला विचारला. त्यानंतर कुणी काही उघडलं का?

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती तारीख होती ९ जुलै. त्याच्या वरची नोंद ७ जुलैची होती, माझ्याच अक्षरात: "टाकीच्या झाकणातून पावसाचं पाणी आत जातंय. पिशवी लावली."

दुधाची रिकामी पिशवी. मी ती गोल कापून झाकणाखाली, रबरी वॉशरच्या आत अशी नीट बसवली होती की कुणाला ती वेगळी दिसलीही नसती. शिवणकामाच्या हाताने कापलेली. मला त्या कामाचा अभिमान वाटला होता.

मी झाकण उघडलं. सुस्स असा आवाज झाला, आत हवा ओढली गेली. किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक वाट असते. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती वाट मी बंद केली होती. मग टाकीत निर्वात तयार व्हायचा आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबायचं. थोडा वेळ उभी केली की कुठल्या तरी फटीतून हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. वहीत आणखी एक खूण होती, पण मला ती वाचता आली नव्हती. टाकी भरल्यावर गाडी तीन-चार किलोमीटरवर बंद पडायची, निम्मी असली की सात-आठवर. भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच कमी, म्हणून निर्वात लवकर होतो. सातवीच्या मुलांना मी हवेचा दाब शिकवते. ग्लासवर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरते आणि मुलं टाळ्या वाजवतात. तोच धडा माझ्या मांडीखाली तीन आठवडे चालू होता आणि बाईंना कळत नव्हता.

पिशवी काढली. झाकणाचं नवीन रबर बसवलं, ते अगदी किरकोळ किमतीचं. पाणी जायचं थांबलं आणि गाडी बंद पडायचीही थांबली.

मी त्या गॅरेजवाल्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, पिशवीचं तुम्ही आधी सांगितलं असतं तर!" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तर!"

आम्ही दोघंही बरोबर होतो. माझं मत सगळं त्या दोन वाक्यांत आहे.

बिघाड छोटा होता. त्याचं निदान करायला लागणारी सगळी माहिती माझ्याजवळ होती, आणि ती माहिती वाचण्याची विद्या त्याच्याजवळ होती. दोघांमध्ये बोलणं झालं नाही म्हणून दोन हजार रुपये गेले आणि तीन आठवडे. मी बोलले नाही, कारण गाडीच्या बाबतीत आपल्याला काय कळतंय असं मला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर "मेकॅनिकशी काय बोलायचं, त्याने काम करावं" हेही मनात कुठे तरी होतं. त्याने विचारलं नाही, कारण बाईला काय कळतंय असं त्याला वाटत होतं. आणि लोक त्याच्याशी कामापुरतंच बोलतात, याची त्याला सवय झाली होती.

डॉक्टरकडे जाताना आपण ताप कधी आला, काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं ते सांगतो. गॅरेजमध्ये फक्त चावी फेकतो आणि म्हणतो, "बघ जरा, बंद पडते." हिरो होंडाची सीडी हंड्रेड १९८५ साली आली. तिची जाहिरात आमच्या पिढीला पाठ आहे, फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. गाडी पेट्रोल कमी खाते एवढंच तिला सांगायचं होतं. आपण मात्र ते विसरणं मनावर घेतलं. गाडीलाही विसरलो आणि ती सांभाळणाऱ्या हातालाही.

आता एक कडू गोष्ट. "पंक्चरवाला" ही आपल्याकडे शिवी झाली आहे, आणि कुणासाठी झाली आहे ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर येणाऱ्या विनोदांत, निवडणुकीच्या भांडणांत ती मुसलमानाला मारली जाते. ती वाचली की मला राग येतो. पण त्या रागात आपण काय उत्तर देतो ते बघा. आपण लगेच आपल्यातले डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी मोजून दाखवतो. म्हणजे शिवी देणाऱ्याचं म्हणणं आपण मान्यच करतो, की पंक्चर काढणं हलकं काम आहे, फक्त आम्ही सगळे ते करत नाही. मला हे उत्तर नको आहे. शिक्षणाची वाट बंद झाली म्हणून एखाद्या पोराला बाराव्या वर्षी गॅरेजमध्ये जावं लागत असेल तर तो अन्याय आहे, त्यावर जरूर भांडू. पण त्या कामाला हलकं मानून नव्हे. पावसात चौदा किलोमीटरच्या मधोमध ट्यूब बसली की जगातला सगळ्यात थोर माणूस कोण असतो, हे मला विचारा.

आमच्या मिरजेतलंच उदाहरण घ्या. सतार आणि तंबोरे करणारी इथली घराणी मूळची शिकलगार. शस्त्रांना धार लावणारे, धातूचं काम करणारे लोक. शस्त्रांचा जमाना सरला तेव्हा त्यांचे हात भोपळ्यावर आणि लाकडावर वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावभर कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. पण कान लावून तंबोऱ्याची जवारी काढणारा हात आणि कान लावून टॅपेटचा आवाज ओळखणारा हात, यांत मला जातीचा फरक दिसत नाही. दोघंही ऐकून काम करतात. एकाला आपण कलाकार म्हणतो, दुसऱ्याला "ए, इकडे ये" म्हणतो.

दुसरा मुद्दा बायकांचा. आता आमच्या भागात मुली सर्रास गाड्या चालवतात, बुरखा घालूनही चालवतात, आणि मला ते बघून बरं वाटतं. पण आपण त्यांना गाडी देतो आणि गाडी कळण्याचं ज्ञान भावाकडे ठेवतो. मग गाडी बंद पडली की फोन भावाला. फोन लागला नाही तर रस्त्यात ताटकळायचं. जी गाडी बंद पडल्यावर तुम्हाला कुणाची तरी वाट बघावी लागते ती निम्मीच तुमची. पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला कसा करायचा, ओली झालेली प्लगकॅप काढून पुसून कशी बसवायची, पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजला तर चोक बंद करून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळून किक कशा मारायच्या, एवढं तरी परवान्याआधी प्रत्येक मुलीला यायला हवं. हे शिकायला एक दुपार पुरते.

यावर मला दोन गोष्टी ऐकायला मिळतात आणि त्या रास्त आहेत.

एक म्हणजे नव्या गाड्यांत हे उरलंच नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स आलं, कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आणि इंजेक्शन आलं. तिथे चाचांनाही मशीन जोडून बघावं लागतं. खरं आहे. पण हवा, चेन, ब्रेक, ऑइल, क्लचची वायर हे नव्या गाडीतही तसंच आहे. आणि "कधीपासून, कसं, त्याआधी काय केलं" हे तीन प्रश्न कुठल्याही मशीनला लागू होतात. जुन्या गाडीला तर आता लक्ष जास्तच लागतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नाही. म्हणून मी नळी आणि वॉशर दर काही महिन्यांनी बघते आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवते.

दुसरं म्हणजे सगळंच स्वतः करू नये. तेही खरं. ब्रेकचे शू, चाकाचं बेअरिंग, टॅपेटची फट, इंजिनच्या आतलं काम मी चाचांकडेच नेते. अर्धवट ज्ञानाने उघडलेला ब्रेक जीव घेतो. माझी पिशवीही अर्धवट ज्ञानच होतं. पाणी अडवायचं कळलं, हवा अडते ते कळलं नाही. गाडी कळणं म्हणजे मेकॅनिक होणं नाही. मेकॅनिकशी बोलता येण्याइतकं कळणं, एवढंच मी मागते.

मागच्या वर्षी एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, मी चाचांना शाळेत बोलावलं. त्यांनी सहावी-सातवीच्या मुलांपुढे सायकलचं पंक्चर काढून दाखवलं. ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते मुलांनी शोधलं. मग कानस मारायची, सोल्युशन लावायचं आणि घाई न करता ते सुकू द्यायचं. चाचांनी दोन मुलांकडून आणि दोन मुलींकडून ते करून घेतलं. एका पोराने मागून "पंक्चरवाला" असं म्हणून शेजाऱ्याला कोपर मारलं होतं, ते मी ऐकलं होतं. मी काही बोलले नाही. चाचांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी तिसऱ्या ट्यूबसाठी त्यालाच पुढे बोलावलं. त्याचा ठिगळ दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. तो बदलला वगैरे मी म्हणणार नाही. पण सुटल्यावर त्याने चाचांना विचारलं, "सोल्युशन किती वेळ सुकवायचं?" चाचांनी त्याला नीट सांगितलं.

माझी गाडी आता २७ वर्षांची झाली आहे. एसटी कधीच सुरू झाली, पण मी परत बसमध्ये गेले नाही. वहीची दुसरी वही झाली आहे. पहिल्या पानावर मी तेच तीन प्रश्न लिहून ठेवलेत. तुमच्या जिन्याखाली अशी एखादी गाडी चादर पांघरून उभी असेल तर गॅरेजला नेण्याआधी त्यांची उत्तरं कागदावर लिहा. आणि मेकॅनिकने विचारलं नाही तरी त्याला सांगा. झाकणाखाली पिशवी लावली असेल तर तेसुद्धा.